नवं पेडल आलं? नॉबला हात लावण्याआधी अ‍ॅडॉप्टर बघा

गिटारचं पेडल, म्हणजे गिटार आणि अँप (अँप्लिफायर) यांच्या मध्ये जोडून आवाज बदलणारी डबी, ‘बेकार निघाली’ अशा तक्रारी तपासल्या, तर बऱ्याचदा दोष पेडलात नसतोच. तो वीजपुरवठ्यात, केबलमध्ये किंवा आवाजाच्या पातळीत असतो. म्हणून सुरुवात विजेपासून.

आज बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं, २.१ मिमीच्या पिनचं, आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह. राउटरचा किंवा जुन्या खेळण्याचा अ‍ॅडॉप्टर त्याच भोकात चपखल बसतो आणि घोटाळा तिथेच होतो, कारण त्यांच्यात बहुधा आत पॉझिटिव्ह असतं. शिवाय व्होल्टही अनेकदा १२ असतात. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनच्या आत घाला, काळं बाहेरच्या धातूला लावा. आकडा उणे ९ च्या आसपास आला तरच जोडा.

उलटा लावलाच तर? अनेक पेडलांत वीज शिरते तिथे १एन४००१ सारखा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये आडवा लावलेला असतो. उलटी वीज तो स्वतःवर घेतो आणि जळून शॉर्ट होतो. पेडल मेल्यासारखं वाटतं, पण आतलं सर्किट अनेकदा शाबूत असतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हा डायोड चिल्लरीच्या भावात मिळतो. बदलताना पट्टा असलेली बाजू पॉझिटिव्हकडे ठेवायची. डिजिटल पेडलाचं नशीब मात्र इतकं चांगलं असेलच असं नाही.

मिलीअँपिअरबद्दल उगाच भीती असते. अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा गरजेपेक्षा मोठा असला तरी काही बिघडत नाही, पेडल हवी तेवढीच वीज ओढतं. ट्यूब स्क्रीमर जातीच्या ओव्हरड्राइव्हला (आवाज किंचित फाटका करणाऱ्या पेडलाला) १० मिलीअँपिअरही पुरतात, तर मोठा डिजिटल रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा देणारं पेडल) २०० ते ३०० मागतो. वीज अपुरी पडली की दिवा लागतो पण आवाज येत नाही, किंवा पेडल पुन्हा पुन्हा रीसेट होतं. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं नसेल तर १८ लावू नका.

सेकंड हँड बाजारात बॉस कंपनीचं जुनं डीएस-१ हे डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारं पेडल) दिसलं, तर अ‍ॅडॉप्टरच्या जागी ‘एसीए’ छापलंय का ते पाहा. ती पेडलं जुन्या पद्धतीच्या, जास्त व्होल्ट देणाऱ्या अ‍ॅडॉप्टरसाठी बनलेली. नेहमीच्या ९ व्होल्टवर त्यांचा दिवा मंद लागतो आणि आवाज मरगळतो. पेडल खराब समजून भाव पाडणारे कमी नाहीत. बॅटरी घालून वाजवा, खरं काय ते लगेच कळेल.

पॉवर बँकेवर पेडल चालवायची ५ ते ९ व्होल्टची केबल सध्या लोकप्रिय आहे. प्रवासात, वीज गेल्यावर, फार सोयीची. पण बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज ओढली जातेय असं दिसलं की ‘फोन भरला’ समजून आपोआप बंद होतात. एकटं ओव्हरड्राइव्ह लावलं की थोड्या वेळात सगळं गप्प, हे त्यामुळेच. सोबत एखादं डिजिटल पेडल जोडा किंवा कमी करंटचा मोड असलेली बँक घ्या. एकाच वायरीवर अ‍ॅनालॉग आणि डिजिटल पेडलं एकत्र टांगली की मागे बारीक किणकिण ऐकू येऊ शकते. त्यावर इलाज वेगवेगळे आयसोलेटेड (विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून अलग) आउटपुट असलेला पॉवर सप्लाय. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल) विकत घेऊन ते झाकण्यात अर्थ नाही.

आता ऐकणं. चाचणीसाठी सर्वांत कामाचं यंत्र लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) आहे, आणि तो साखळीत सर्वांत पुढे हवा: गिटार, लूपर, नवं पेडल, अँप. कोरा आवाज रेकॉर्ड करा: दोन कॉर्ड, खालच्या तारांवर थोडं म्यूट केलेलं, वरच्या तारांवर एक लांब सूर, आणि एकदा हळू, एकदा जोरात छेडलेलं. लूप फिरत राहतो, दोन्ही हात नॉबला मोकळे होतात आणि हातच्या वादनातला फरक पेडलाच्या नावावर जमा होत नाही.

फझ (आवाज फार खरखरीत करणारं पेडल) असेल तर मात्र ही युक्ती फसते. फझ फेसच्या धाटणीच्या पेडलाचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो. ते थेट गिटारच्या पिकअपशी जोडलेलं असतं तेव्हाच नीट वागतं. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की त्याची खरखर विरघळून स्वच्छ, चमकदार सूर येतो, तो याच नात्यामुळे. लूपर किंवा कुठलंही बफर (सिग्नल सशक्त करून पुढे देणारं सर्किट) मध्ये आलं की हे नातं तुटतं आणि आवाज कर्कश होतो. फझ थेट गिटारवरच ऐका. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, पॉझिटिव्ह ग्राउंडचं (पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला जोडलेलं) फझ असेल तर ते इतर पेडलांच्या सामाईक वायरीवर लावू नका, पुरवठा शॉर्ट होईल. त्याला बॅटरी किंवा स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट द्या.

पेडल चालू केल्यावर आवाज किंचित मोठा झाला, तरी कानाला तो ‘चांगला’ वाटतो. दुकानातले अनेक सौदे एवढ्यावर होतात. म्हणून चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत पातळी सारखी येईल असा व्हॉल्यूम नॉब लावा आणि मगच मत बनवा.

अँपऐवजी ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारं यंत्र) वापरत असाल तर ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण दाबा, नाहीतर वरचे सूर बोथट होतात. डिस्टॉर्शन थेट हेडफोनमध्ये ऐकून नावं ठेवू नका. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच कापून टाकतो. तो नसला की कुठलंही डिस्टॉर्शन डासासारखं गुणगुणतं. सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावा. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. अर्थिंगचा प्रश्न असेल तर घरातला सॉकेट इलेक्ट्रिशियनला दाखवा, पेडल परत पाठवून उपयोग नाही.

बॅटरीवर चालणारं पेडल ठेवून देताना इनपुटची केबल काढा. बहुतेक पेडलांत बॅटरीचा स्विच त्या जॅकमध्येच असतो. दिवा बंद दिसला तरी केबल आत असेपर्यंत बॅटरी उतरतच राहते.