पंधरा ते एकोणीस टक्के

अपंगत्व पेन्शनची फाइल हातात आली की मी आधी शेवटची पानं उघडतो. रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे सैनिक निवृत्त होताना त्याला तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, निकाल तिथं असतो. फॉर्म एएफएमएसएफ-16. आजाराचं नाव, तो सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, टक्के किती, किती काळासाठी. आणि या सगळ्याखाली एक ओळ: पेन्शनसाठी धरायचे निव्वळ टक्के. जवानाच्या हाती काय पडणार ते त्या ओळीवर ठरतं. वरचे टक्के कितीही असोत.

गेल्या पावसाळ्यात अंबाजोगाईत एकाच सकाळी दोन फायली समोर आल्या. एक केज तालुक्यातल्या हवालदाराची, तोफखान्यातून 2019 साली निवृत्त. दुसरी रेणापूरकडच्या नायब सुभेदारांची, पायदळातले, 2020 साली निवृत्त. दोघंही मुदत पूर्ण करून घरी आलेले, कुणालाही आजारपणामुळे मध्येच काढलेलं नाही. हा फरक पुढं फार महत्त्वाचा ठरतो.

हवालदार मुलाला घेऊन आले होते. फोनवर बोलणं होत नाही म्हणून. मी विचारलं, "भरती झालात ते साल कोणतं?" ते म्हणाले, "हाल बरे हायेत साहेब." मुलगा खाली बघून हसला आणि मग ओशाळला. "आण्णाला 'स' ऐकूच येत न्हाई," म्हणाला. "गावात लोकांना वाटतं मेजर मुद्दाम उलटसुलट बोलायलेत."

हे ऐकल्यावर ऑडिओग्राम न बघताही अंदाज येतो, पण तो फाइलमध्ये होता. उजव्या कानासाठी गोल, डाव्यासाठी फुली. 500 आणि 1000 हर्ट्झपर्यंत रेघ बऱ्यापैकी वर, 2000 ला उतरायला लागलेली, आणि 4000 ला दोन्ही कानांची रेघ खड्ड्यात. 8000 ला पुन्हा थोडी वर. मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. म्हातारपणानं जाणाऱ्या कानाची रेघ उतरत जाते ती उतरतच राहते, तिला असा खड्डा पडून पुन्हा वर येणं नसतं. हवालदारांनी बरीच वर्षं 130 मिलिमीटरच्या तोफेवर काढली होती. बोर्डानंही वाद घातला नव्हता. दोन्ही कानांचा श्रवणदोष, सेवेमुळे झालेला, होय. टक्के: 15 ते 19.

इथंच घोडं पेंड खातं. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळायचा तर किमान 20 टक्के लागतात. 19 ला शून्य. आणि 20 झाले की? 1996 नंतर लागू झालेल्या नियमाप्रमाणे 50 पेक्षा कमी टक्के असतील ते 50 धरतात, 50 ते 75 ला 75, त्यापुढे 100. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही हा लाभ द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयानं 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालात पक्कं केलं. हिशेब असा: शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाचे 30 टक्के. वेतन 50,000 धरलं तर 15,000. त्याचे 50 टक्के म्हणजे महिन्याला 7,500, वर महागाई. म्हणजे 19 टक्केवाल्याला काही नाही आणि 20 टक्केवाल्याला 7,500. एका टक्क्याचा फरक आयुष्यभर पुरतो.

मग 19 ला 20 म्हणा, असा आग्रह पुष्कळ जण धरतात. कुणाकडून तरी सुखविंदर सिंग निकालाची प्रत मिळालेली असते. 2014 च्या त्या निकालात म्हटलंय की सैनिकाला आजारामुळे सेवेतून काढलं असेल तर अपंगत्व 20 पेक्षा जास्त आहे असंच समजायचं. पण तो मध्येच काढलेल्यांसाठी. मुदत पूर्ण केलेल्यासाठी 11 डिसेंबर 2019 चा विंग कमांडर एस. पी. राठोड निकाल आहे, आणि तो सरळ सांगतो: 20 च्या खाली असाल तर अपंगत्वाचा भाग नाही, टक्के वाढवून 50, 75 धरण्याची ती पूर्णांकाची सवलतही नाही. हवालदारांच्या कानाचा रस्ता तिथं बंद होतो. याच कारणावर सशस्त्र दल लवादात (सैनिकांच्या दाव्यांचं न्यायाधिकरण) नुसता अर्ज टाकून पैसे घेणारे लोक आहेत, त्यांच्यापासून सावध राहावं.

टक्के इतके कमी का येतात, तेही बघण्यासारखं आहे. कानाची सरासरी काढताना साधारणपणे 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ धरतात. तोफेनं जी जागा पोखरलेली असते ती 4000 ची, ती या सरासरीत येतच नाही. बोर्डात शांत खोलीत, सहा मीटरवरून बोलून आणि कुजबुजून बघतात. बाजारच्या दिवशी मोंढ्यात आडत्यासमोर उभं करून कुणी बघत नाही. 'स', 'श', 'ख', 'थ' ही अक्षरं उंच पट्टीत असतात, ती जातात आणि उरलेल्या स्वरांवरून माणूस वाक्य जुळवत बसतो. मुलानं जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्रही आणलं होतं, त्यावर टक्के जास्त होते. ते एसटीच्या सवलतीला चालतं, यूडीआयडी कार्डाला चालतं. पेन्शनच्या फाइलला त्याचा आधार घेता येत नाही, कारण लष्कराचं मोजमाप वेगळ्या मार्गदर्शिकेवर चालतं. मुलाचा चेहरा उतरला. त्या कागदासाठी त्यांनी बरेच हेलपाटे घातले होते.

आता दुसरी फाइल. नायब सुभेदारांना उच्च रक्तदाब, 30 टक्के, कायमस्वरूपी. टक्के पुरेसे, पण पुढं शेरा: सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेला नाही. फौजेत याला 'नाना' म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य: आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात (लढाईपासून दूरच्या ठाण्यावर) झाली. हे वाक्य इतक्या फायलींत सारखंच सापडतं की शिक्का असावा असं वाटतं.

सुरुवात शांतता क्षेत्रात झाली म्हणजे नेमकं काय झालं? त्यांची राष्ट्रीय रायफल्समधली काश्मीरची मुदत संपली, बदली शांतता ठाण्यावर झाली, तिथल्या पहिल्याच वार्षिक तपासणीत रक्तदाब सापडला. सापडला तिथं, म्हणून सुरू झाला तिथं. पण त्यांच्या पेटीत जपून ठेवलेली एक चिठ्ठी होती, काश्मीरमधल्या एमआय रूमची, म्हणजे तुकडीच्या दवाखान्याची, निळ्या शाईत, घडीवर फाटलेली: डोकेदुखी, 150/96, दोन दिवस आराम, पुन्हा तपासणी. पुन्हा तपासणी झालीच नाही, कारण तुकडी गस्तीवर निघाली. त्या चिठ्ठीवरची तारीख बदलीच्या आधीची. बोर्डानं ती पाहिलेली नव्हती, कारण कुणी दाखवली नव्हती.

अशा प्रकरणाला 2 जुलै 2013 चा धरमवीर सिंग निकाल लागतो. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी आला असं धरायचं, पुढं झालेला आजार सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं, आणि तसं नसेल तर ते कारणांसह सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. 'शांतता क्षेत्रात सुरुवात' हे कारण नव्हे, तो नुसता पत्ता झाला. लवादात बहुतेक प्रकरणं याच मुद्द्यावर सैनिकाच्या बाजूनं निघतात. नायब सुभेदारांचं निघण्याची शक्यता मी चांगली मानतो. 30 चे 50 होतील.

आमचं हे बोलणं चाललं असताना दोघंही समोरच बसले होते. नायब सुभेदार म्हणाले, "म्हंजे मी रोज एक गोळी खातो, सकाळी पाच किलोमीटर चालतो, मला मिळणार. अन् मेजरला हाक मारली तर ऐकू येईना, त्यांना न्हाई?" हवालदारांना ते ऐकू गेलं नाही. मुलाला गेलं.

अपंगत्व पेन्शन सुधारायला हवी, ही चर्चा दिल्लीत गेली काही वर्षं चालू आहे आणि ती जवळजवळ सगळी त्या गोळीभोवती फिरते. रक्तदाब, मधुमेह हे जीवनशैलीचे आजार, त्यांवर पेन्शन का द्यायची? सातव्या वेतन आयोगानं टक्केवारी काढून ठरावीक रक्कम सुचवली होती: शंभर टक्क्यांना अधिकाऱ्यांसाठी 27,000, जेसीओंसाठी (नायब सुभेदार आणि वरचे) 17,000, जवानांसाठी 12,000. माजी सैनिकांनी आक्षेप घेतले आणि मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं टक्केवारीच कायम ठेवली. जून 2019 मध्ये प्राप्तिकराची सूट मध्येच काढलेल्यांपुरती ठेवणारं परिपत्रक निघालं. मग 21 सप्टेंबर 2023 पासून नवे हक्क-नियम आणि नवी वैद्यकीय मार्गदर्शिका आली, रक्तदाबासारख्या आजारांचे टक्के खाली आले. हे नियम त्या तारखेपासून पुढं निवृत्त होणाऱ्यांना, मागच्यांना नाही. आमच्या भागातल्या कितीतरी जुन्या पेन्शनरांना कुणीतरी मोबाइलवर संदेश पाठवून घाबरवून सोडलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गैरवापर होत नाही असं मी म्हणणार नाही. निवृत्तीच्या वर्षात अचानक कंबर धरलेले साहेब सगळ्यांनीच पाहिलेत. पण 20 ची कड तशीच ठेवून, कारणाचा रकाना एका ओळीत भरायची मुभा तशीच ठेवून, फक्त आजारांचे दर कमी केले तर हवालदारासारख्या माणसाला त्यात काय मिळालं? 15 टक्क्यांना 15 टक्क्यांचे पैसे द्या, 50 करू नका, एवढं जरी केलं तरी 50,000 वेतनावर महिन्याला 2,250 होतात आणि 19 चे 20 करून घेण्याची धडपडही आपोआप मंदावते. त्यावर कुणी बोलताना दिसत नाही.

हवालदारांच्या फाइलकडे परत आलो ते दुपारी. बोर्डाच्या पानावर दुसरा आजारही होता: कमरेच्या मणक्यातली गादी सरकलेली, एल4-एल5, 20 टक्के, पुढं 'नाना'. कारण: इजा झाल्याचा अहवाल नाही, वयोमानाची झीज. दोन्ही मिळून एकत्रित 30 टक्के. एकत्रित टक्के म्हणजे साधी बेरीज नसते, बोर्ड दोन्हींचा मिळून परिणाम बघतं. पण मणका 'नाना' म्हणून गळला आणि निव्वळ ओळीत फक्त कान उरला, 15 ते 19. म्हणजे ज्या कानाबद्दल वाद नाही त्याचे पैसे नाहीत, आणि पैसे मिळायचे तर ते मणक्याच्या वाटेनं.

हवालदारांचं म्हणणं, राजस्थानातल्या महाजन रेंजवर गोळा उचलताना कंबर गेली. 130 मिलिमीटरचा गोळा सुमारे 33 किलोचा. तो एका ठेक्यात उचलून पुढं द्यायचा, वाळूत पाय रुतलेले. त्या वेळी आयएएफवाय-2006, म्हणजे इजेचा अहवाल, भरला गेला नाही. दोन दिवस गोळ्या खाऊन ते पुन्हा तोफेवर उभे राहिले. असंच होतं. तोफ चालू असताना कंबर दुखते म्हणून अहवाल मागणारा जवान विरळाच, आणि तो अहवाल नसणं दहा वर्षांनी त्याच्याच अंगावर येतं.

म्हणून मधली पानं वाचावी लागतात. निवृत्तीच्या बोर्डाआधी वैद्यकीय श्रेणी खाली आणताना जे बोर्ड बसतं त्याचा फॉर्म एएफएमएसएफ-15. त्याची झेरॉक्सची झेरॉक्स फाइलमध्ये होती, अर्धी काळी पडलेली. खिडकीशी धरली तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांच्या अक्षरात पूर्वेतिहासाची ओळ लागली: फायरिंगच्या सरावात दारूगोळा उचलल्यानंतर कंबरदुखी सुरू. तारीख निवृत्तीच्या सहा वर्षं आधीची. पेन्शनचा विषयही डोक्यात नसतानाची नोंद, लष्कराच्याच डॉक्टरनं लिहिलेली. इजेचा अहवाल नसला तरी ही ओळ आहे, आणि निवृत्तीच्या बोर्डानं ती का मानली नाही याचं एक अक्षरही लिहिलेलं नाही. मणका धरला गेला तर निव्वळ टक्के 30, पूर्णांकानं 50.

पहिल्या अपिलाची मुदत सहा महिन्यांची, ती केव्हाच उलटून गेली होती. विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. लवादातही तेच, आणि मराठवाड्याला लवाद म्हणजे मुंबई. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, त्यामुळे दावा अगदीच मरत नाही. पण 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार सहसा अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची थकबाकी मिळते. म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना खिशातून जातो.

एएफएमएसएफ-15 ची स्वच्छ, साक्षांकित प्रत हवी म्हणून नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसला आधी साधं पत्र, सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकची प्रत. तीस दिवसांत आली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. त्याच पत्रात भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्मही मागितला, कारण कंबर तेव्हा ठीक होती हे त्यावरूनच दिसणार. नायब सुभेदारांच्या अपिलाला एमआय रूमची चिठ्ठी जोडली, मूळ नव्हे, प्रत. मूळ चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्याच हातात परत दिली, कारण टपालात गेलेला असा कागद दुसऱ्यांदा मिळत नाही.

कानाबद्दल हवालदारांच्या अपिलात एकच परिच्छेद ठेवला: फेरवैद्यकीय मंडळ नेमून, 4000 हर्ट्झचा विचार करून नव्यानं श्रवणचाचणी घ्यावी. त्यातून टक्के विसावर गेले तर बरंच. पण निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी ऐकणं आणखी कमी झालेलं असेल तर ते वयामुळे झालं असंही मंडळ म्हणू शकतं, आणि मग या परिच्छेदातून काही मिळायचं नाही. हे मुलाला तेव्हाच सांगून टाकलं, आणि त्यानं ते आण्णांना कागदावर लिहून दाखवलं.