चिल्लर सोडवताना आलेला घाम

राहायचं जर्मनीत आणि जर्मनीचीच जुनी नाणी मागवायची अमेरिकेतून, यावर घरचे अजून हसतात. पण लॉट खरंच छान होता. प्रशियाचे सिल्बरग्रोशन, बव्हेरियाचे आणि फ्रांकफुर्टचे क्रॉयत्सर, सॅक्सनीचे नॉयग्रोशन. सगळी १८७१च्या, म्हणजे जर्मनी एक देश होण्याच्या आधीची, दर संस्थानाचं नाणं निराळं होतं त्या काळातली.

पाकीट कस्टममध्ये अडकलं. बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा घेऊन या, अशी चिठ्ठी आली. (मुदतीत गेलं नाही तर पाकीट परत जातं, चिठ्ठी बाजूला ठेवू नका.) नंबर घेऊन ताटकळत बसले. शेवटी काउंटरवरच्या बाईंनी कात्री पुढे केली, पाकीट मलाच उघडायला लावलं आणि विचारलं, "चांदी का?"

इथंच घोडं अडलं. नुसती चांदी धरली तर कर १९ टक्के. संग्रहाचं नाणं धरलं तर सीमाशुल्क नाही, कर ७ टक्के. पण त्यासाठी किंमत आतल्या चांदीच्या मोलाच्या अडीचपटीहून जास्त हवी. अहो, सिल्बरग्रोशन नाव मोठं, पण वजन सव्वादोन ग्रॅमसुद्धा नाही आणि त्यात चांदी हजारात २२२ भाग. म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम! बाकी तांबं. राजाच्या झिजलेल्या गालावर ते तांबूस दिसतंसुद्धा. तीस नाण्यांना एक थालर (तेव्हाचं मोठं चांदीचं नाणं), असं नाण्यावरच कोरलंय. हे सगळं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. बाई आत जाऊन साहेबांना विचारून आल्या आणि बिलावर बोट ठेवलं. विक्रेत्यानं तिथं एवढंच लिहिलं होतं: 'जुनी चांदीची नाणी, एक लॉट'. झालं, पाकीट परत कपाटात.

विक्रेत्याकडून नवं बिल मागवलं. दर नाण्यापुढे संस्थान, असेल तिथं राजा, वर्ष, किंमत आणि येगर कॅटलॉगचा, म्हणजे जर्मन नाण्यांच्या सूचीचा क्रमांक. ते बघताच त्याच बाईंनी दोन मिनिटांत शिक्का मारला. ७ टक्के! वाचलेले पैसे बसभाड्यात गेले, तरी मी ताठ मानेनं बाहेर पडले.

तेव्हा असं बिल पैसे भरायच्या आधीच मागा, नंतर विक्रेते उत्तर द्यायला आळस करतात. आणि घरी आणल्यावर चिंच, लिंबू काही लावून घासू नका. वरचा चांदीचा पातळ थर जातो, खाली लाल तांबं उघडं पडतं आणि असं नाणं कोणी घेत नाही.