ग्वेन्दोलाइला फांदीवरून खाली उतरवला

मंडळी, जुन्या उत्तर ब्रिटनमधल्या वीरांच्या वंशावळीचा तक्ता या महिन्यात पुढे सरकला नाहीच, उलट एक आख्खी रेघ खोडावी लागली. चूक माझीच.

मागच्या खेपेला मी ग्वेन्दोलाइला, म्हणजे सहाव्या शतकातल्या तिथल्या एका राजाला, काळ्या शाईनं कोइल हेन या मूळपुरुषाच्या फांदीवर बसवून मोकळा झालो होतो. कोइल, केनाइ, मार, आर्थुइस, कैद्यो आणि मग हा. दिसायला झकास! पण काळी शाई फक्त 'हार्लियन' या जुन्या वेल्श वंशावळ्यांसाठी, हा नियम मीच केलेला. त्यांची प्रत साधारण ११०० ची, मजकूर दहाव्या शतकातला. पुन्हा एकेक ओळ बोट ठेवून वाचली, तर त्यात ग्वेन्दोलाइचं नावच नाही. ती सगळी साखळी 'बोनेद ग्वीर अ गोग्लेद' (उत्तरेच्या वीरांची वंशावळ) या नंतरच्या यादीतली, म्हणजे लाल शाईची. त्याची सर्वांत जुनी प्रत तेराव्या शतकाच्या अखेरची.

गंमत पुढे आहे. त्याचे वैरी गुर्गी आणि पेरेदिर हे भाऊ मात्र हार्लियनमध्ये आहेत: बाप एलिफेर, आजा लेतलुम, मग केनाइ आणि कोइल. 'बोनेद'मध्ये हा लेतलुम गायब! तिथे एलिफेर आर्थुइसचा मुलगा, म्हणजे कैद्योचा सख्खा भाऊ. मग ग्वेन्दोलाइ ज्यात गुर्गी-पेरेदिरशी लढताना पडला, ती आर्वदेरिदची लढाई एकदम चुलतभावांची होऊन बसते. भाऊबंदकी म्हटली की गोष्ट आपोआप रंगते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मला तर वाटतं, आधी लढाईची कथा गाजली आणि मग कुणीतरी दोन्ही बाजूंना एकाच आजोबाच्या अंगणात आणून बसवलं.

वार्षिकांकडे, म्हणजे सालवार नोंदींकडे, वळलो तर तिथेही तेच. वेल्श वार्षिकांच्या सर्वांत जुन्या प्रतीत ५७३ च्या सुमाराला नुसती आर्वदेरिदच्या लढाईची नोंद आहे. कोण लढलं, कोण पडलं, काही नाही. एलिफेरची मुलं, कैद्योपुत्र ग्वेन्दोलाइचा मृत्यू, दंतकथेतल्या मर्लिनला लागलेलं वेड, हे सगळं नंतरच्या प्रतीतलं.

वेल्श त्रिपदींमध्ये, म्हणजे तीन-तीन गोष्टींच्या याद्यांमध्ये, तर हा माणूस पार दंतकथाच होतो. लढाई तीन वायफळ लढायांपैकी एक, कारण काय तर चंडोलाचं घरटं. राजा पडल्यावरही त्याचे शिलेदार महिना आणि वर पंधरवडा लढत राहिले. त्याचे दोन पक्षी होते, सोन्याचं जू घातलेले; जेवायला दोन प्रेतं आणि रात्रीला आणखी दोन. शिवाय ब्रिटनच्या तेरा खजिन्यांत त्याचा आपोआप खेळणारा पट: फळी सोन्याची, सोंगट्या चांदीच्या. या खेळाचं नाव 'ग्विदबुइल', शब्दशः लाकूड आणि बुद्धी. आपल्या 'बुद्धिबळा'शी नातं लावायचा मोह मला झाला होता, तो आवरला. ग्वेन्दोलाइच्या काळी बुद्धिबळ युरोपात पोचलंही नव्हतं.

मग हातात खरं काय उरतं? इंग्लंडच्या कंब्रियात लाँगटाउनजवळचं आर्थरेट, म्हणजे आर्वदेरिद. ही जोडणी इतिहासकार स्कीननं १८६० च्या दशकात मांडली. आणि थोडं उत्तरेला कारविनली, ज्या नावात 'काएर' (किल्ला) आणि 'ग्वेन्दोलाइ' दोन्ही दडलेत. नकाशावर दोन्ही ठिकाणी पेन्सिलीनं टिंब दिलंय.

सध्याचा निर्णय असा. बाप कैद्यो लालमध्ये राहील. 'कारमार्थेनचा काळा ग्रंथ' या वेल्श हस्तलिखितातल्या कवितेतही तो कैद्योचाच मुलगा आहे, आणि तो ग्रंथ साधारण १२५० चा. कैद्योच्या वरची रेघ तुटक. लेतलुमला काळ्या शाईत परत जागा दिली, त्यामुळे आता एलिफेरला दोन बाप झालेत आणि तक्त्याच्या त्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा नाही.

पुढच्या खेपेला मर्लिन. वेल्श कवितांत ग्वेन्दोलाइ त्याचा धनी, पण मॉन्मथच्या जेफ्री या लेखकानं ११५० च्या आसपास त्यालाच पेरेदिरच्या बाजूनं उभा केलाय. त्याच्यासाठी हिरवी शाई आणलीय.