टायर अपडेट: पावसाळ्याआधीची तपासणी

मंडळी, उन्हाळाभर गाडी पुणे-कोल्हापूर पळाली, आता पाऊस यायच्या आत चारही चाकं उतरवून बघितली. खाचेची खोली मोजायचा गेज लावला तर पुढच्यांची खाच साडेचार एमएमच्या आसपास, मागच्यांची साडेपाच, फ्रंट व्हील ड्राइव्हला हे व्हायचंच, गाडी ओढायचीही त्यांनी आणि वळवायचीही त्यांनीच. १.६ ला खाचेतली आडवी पट्टी लेव्हलला येते म्हणजे कायद्याने टायर संपला, पण पावसात मी तिथपर्यंत थांबणार नाही, ३ च्या खाली पाणी नीट फेकलं जात नाही.

खरी गंमत पुढच्यांची. दोन्हीची फक्त बाहेरची कड खाल्लेली, आणि ट्रेडवरून, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, आडवा हात फिरवला की एकीकडे गुळगुळीत, उलटा फिरवला की करवत! हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा, त्यामुळे हे टो चं, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं काम. चाकं किंचित तिरकी घासत चालली होती, म्हणजे रबरही जातंय आणि पेट्रोलही. लगेच अलाइनमेंट केलं, मग पुढचे मागे, मागचे पुढे.

हवा मात्र सकाळी गाडी हलवायच्या आधीच, स्वतःच्या गेजने. माझ्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे, टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. पंपावर गरम टायरमध्ये ३३ भरून आलात तर सकाळी ३० दिसणार, आणि महिन्याला एक-दोन पीएसआय तसेही आपोआप उतरतात. नायट्रोजनला मी पैसे देत नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

आणि हवा बरोबर ठेवली की मायलेज खूप वाढतं, असल्या थापा नकोत प्लीज. अमेरिकन सरकारी आकडा आहे, चारही टायर सरासरी १ पीएसआयने कमी असतील तर मायलेज साधारण ०.२ टक्के घटतं, म्हणजे हवा ५ ने कमी असली तरी टक्काभरच. मला विचाराल तर मोठी बचत टायर जास्त चालण्यात आहे, कारण आपले टायर ट्रकसारखे शक्यतो कोणी रिमोल्ड करत नाही (जुन्यावर नवं ट्रेड चढवत नाही), सरळ भंगारात.

राहिली स्टेपनी. टायरवरचा तारखेचा कोड १४१८, म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा, ट्रेड कोरं करकरीत पण साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, बारीक तडे. ही बदलणार. तुम्ही न वापरलेली स्टेपनी किती वर्षांनी काढता?