‘टू बर्क’चं कार्ड: निम्मं सुटलं

माणसांच्या नावांवरून आलेल्या इंग्रजी क्रियापदांची मी कार्डं करतोय; प्रत्येकावर मराठी प्रतिशब्द आणि वापराचे दाखले. त्यातलं गेल्या नोंदीत अडकलेलं ‘टू बर्क’ (to burke) या क्रियापदाचं कार्ड काल रात्री सुटलं. सगळं नाही, पण जेवढं सुटलं त्यानं झोप उडवली.

उगमाचा प्रश्न नव्हताच. एडिंबरा, १८२८. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी १६ खून करून प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सना विकली. अंगावर खूण राहू नये म्हणून छातीवर भार टाकायचा आणि नाक-तोंड दाबून धरायचं. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्क २८ जानेवारी १८२९ ला फासावर गेला. क्रियापद एकट्या बर्कच्या नावावर चढलं: आधी ‘गुदमरवून मारणं’, मग ‘चर्चा, चौकशी, प्रश्न गुपचूप दडपणं’.

घोडं अडलं ते मराठी प्रतिशब्दावर. ‘दडपणे’ लिहिलं, खोडलं. दडपायला नुसतं वजन पुरतं. बर्कमध्ये आवाज फुटू न देणं आहे. ‘गळा घोटणे’त खूण राहते. ‘बासनात गुंडाळणे’ला सरकारी संथपणा आहे, हिंसा नाही. आणि एकदम ‘मुस्कटदाबी’ आठवली! तोंड दाबणं शब्दातच आहे, आणि वापर सगळा लाक्षणिक. कार्डावर लिहून दोनदा अधोरेखित केलं.

पण फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेल्या जुन्या निकालपत्रांच्या गठ्ठ्यानं पुन्हा घोळ घातला. आपल्याकडच्या इंग्रजीत, विशेषतः अग्रलेखांत आणि कोर्टात, ‘बर्क द इश्यू’ अजून भेटतं, आणि तिथे बऱ्याचदा अर्थ असतो ‘मुद्द्याला बगल देणं’. मुस्कटदाबी केली की प्रश्न वर येतच नाही. बगल दिली की तो तिथेच उभा असतो, उत्तर देणारा फक्त वळून जातो. आता प्रत्येक दाखल्याला मी हेच विचारतोय: वाक्य संपल्यावर प्रश्न जिवंत आहे का? असेल तर बगल, नसेल तर मुस्कटदाबी. बहुतेक दाखले या कसोटीवर सरळ वेगळे होतात. जे होत नाहीत, ते ‘चौकशी बर्क केली’ छापाचे. तिथे मागचापुढचा उतारा वाचल्याशिवाय सुटका नाही, म्हणून एक वाक्य कापून चिकटवायची पद्धत मी बंद केली आहे. निदान पूर्ण परिच्छेद हवा.

साधनांबद्दल: दुर्मीळ क्रियापदांना चेंबर्सच्या इंग्रजी कोशाला तोड नाही. मोबाइलवरचे कोश एक प्रतिशब्द देऊन मोकळे होतात. कार्डं जाड घ्या. पातळ कार्डं पावसाळ्यात सादळतात, आणि जेल पेनची शाई पसरून ‘बर्क’चं ‘बक’ होतं.

पुढे ‘बाउडलराइज’ (पुस्तकातला अश्लील वाटणारा मजकूर गाळणं) घेणार होतो. पण हे लिहितानाच वाटलं, आधी ‘बॉयकॉट’ घ्यावं. तोही माणूसच, आयर्लंडमधला, १८८०चा. आणि स्वदेशीच्या चळवळीमुळे ‘बहिष्कार’चे मराठी दाखले ढिगानं मिळतील. ‘बर्क’मध्ये मराठी बाजू रिकामी होती, इथे दोन्ही बाजू भरलेल्या असतील. शनिवारी दादरच्या ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं काढायला सांगितली आहेत. कुणाकडे ‘बर्क’चे भारतीय दाखले असतील तर परिच्छेदासकट पाठवा.