अल्बममधल्या दोन मुली आणि एक अनिवार्य रकाना : माझा अनुभव

ज्या माणसाचे नाव शोधण्यासाठी अर्ज करायचा, त्याच माणसाचे नाव अर्जावर आधी लिहायचे, असा नियम इंग्लंडमधील एका अभिलेखागारात, म्हणजे जुनी दप्तरे जपणाऱ्या कचेरीत, आहे. सासरच्या जुन्या अल्बममधल्या अनोळखी फोटोंतली माणसे ओळखताना त्या एका अर्जाने माझा जितका वेळ खाल्ला, तितका बाकीच्या संपूर्ण अल्बमने खाल्ला नाही. त्यामुळे या लेखात त्या कचेरीला जरा जास्त जागा मिळाली, तर वाचकांनी समजून घ्यावे.

मी मूळची पुण्याची. लग्नानंतर यॉर्कशरमध्ये आले. सासूबाईंनी मोठे घर सोडताना पितळी कडीचा, चामडी बांधणीचा एक जाडजूड अल्बम आमच्या स्वाधीन केला. त्यात पन्नासेक फोटो होते आणि नावे जेमतेम पाच-सहा फोटोंखाली. बाकीच्यांविषयी घरात दोनच गोष्टी खात्रीने सांगितल्या जात. पहिल्या पानावरचे दाढीवाले गृहस्थ म्हणजे नवऱ्याचे खापरपणजोबा, ही पहिली. आणि एका शिपायाच्या फोटोमागे शाईने लिहिलेले ‘किर्की’ हे त्याच्या वाग्दत्त वधूचे लाडके नाव, ही दुसरी.

दाढीवाले गृहस्थ लंडनचे प्रसिद्ध बॅप्टिस्ट धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन निघाले. १८६०मध्ये मेयॉल या छायाचित्रकाराने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची छायाचित्रे विक्रीला काढली आणि तेव्हापासून राजघराण्यातील, राजकारणातील, चर्चमधील नामवंतांचे छोटे फोटो विकत आणून ते घरच्या माणसांच्या शेजारी लावण्याची तिकडे लाटच आली. म्हणून अल्बम हाती आल्यावर प्रथम अशी पाहुणे मंडळी बाजूला काढावीत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळावर चेहरे ताडून पाहता येतात. सासरच्यांना हा शोध फारसा रुचला नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

‘किर्की’ मात्र मला पाहताक्षणी कळले, कारण माझी मावशी तिथेच राहते. खडकीचे इंग्रजांच्या लिहिण्यातले नाव या घरात इतकी वर्षे कुणा मुलीचे नाव म्हणून जपले गेले होते. शिपायाच्या टोपीवर पलटणीचा क्रमांक दिसत होता, आणि ब्रिटिश पायदळाच्या पलटणींचे क्रमांक १८८१मध्ये जाऊन त्यांना परगण्यांची नावे मिळाली, त्यामुळे फोटो त्याआधीचा ठरला. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत आणि त्या आता पैसे भरून इंटरनेटवर पाहता येतात. नवऱ्याच्या खापरपणजीचा थोरला भाऊ लष्करात होता एवढे घरात ठाऊक होते; त्याच्या लग्नाची नोंद खडकीचीच मिळाली. पुण्याच्या सुनेचा इतका उपयोग होईल असे कोणाला वाटले नव्हते, हे मी इथे मुद्दाम नोंदवते.

आता मुख्य अडचण. अल्बमच्या मध्यावर दोन मुलींचा एक फोटो होता, एक खुर्चीत बसलेली आणि दुसरी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी, दोघींचेही कपडे काळे. फोटो कार्त-द-व्हिजित प्रकारचा, म्हणजे सुमारे अडीच इंच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. हा आकार पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४मध्ये पेटंट करून घेतला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. पुठ्ठ्याचे कोपरे चौकोनी होते; गोल कोपरे साधारण १८७०च्या दशकाच्या मध्यापासून दिसू लागतात, म्हणून हा फोटो बहुधा त्याआधीचा. पाठीवर स्टुडिओचे नाव, पत्ता आणि पेन्सिलने लिहिलेला चार आकडी क्रमांक होता. हा क्रमांक काचेच्या निगेटिव्हचा असतो. गिऱ्हाइकाला पुन्हा प्रती हव्या झाल्यास निगेटिव्ह सापडावी म्हणून छायाचित्रकार तो वहीत नोंदवून ठेवत. अशा बहुतेक वह्या नष्ट झाल्या आहेत. लंडनमधील कामीय सिल्व्ही या छायाचित्रकाराच्या बारा वह्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत टिकून आहेत आणि त्यांत फोटोसाठी झालेल्या सुमारे सतरा हजार बैठकींच्या नोंदी आहेत, हा अपवाद. त्यामुळे आमच्या गावाकडच्या स्टुडिओची एक निगेटिव्ह-वही जवळच्या अभिलेखागाराच्या सूचीत दिसली, तेव्हा मला आता काम झालेच असे वाटले.

वही वाचनकक्षात मिळत नव्हती. शिवण सुटलेली असल्यामुळे ती वाचकांच्या हाती द्यायची नाही, फक्त कर्मचारी शुल्क घेऊन तिच्यात शोध घेतील, असे उत्तर आले. यात काही वावगे नाही. जुन्या वह्या अशाच जपायला हव्यात. शोधासाठी संगणकावर एक अर्ज भरायचा होता आणि त्यात ‘शोधायच्या व्यक्तीचे संपूर्ण नाव’ हा रकाना अनिवार्य होता. मी तिथे ‘अज्ञात’ असे लिहिले आणि शेऱ्यांच्या जागेत निगेटिव्हचा क्रमांक दिला. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. मग मी नवऱ्याचे आडनाव घातले आणि क्रमांक पुन्हा शेऱ्यांत दिला. यावेळी अर्ज स्वीकारला गेला, अर्ध्या तासाचे शुल्क कापले गेले, आणि बऱ्याच आठवड्यांनी या आडनावाची नोंद वहीत आढळत नाही असे एका ओळीचे पत्र आले. क्रमांकाचा उल्लेखही त्यात नव्हता. खापरपणजीचे माहेरचे आडनाव घालून पुन्हा तेच केले. पुन्हा शुल्क, पुन्हा प्रतीक्षा, पुन्हा तीच ओळ, फक्त आडनाव बदललेले.

वही क्रमांकाच्या क्रमाने लिहिलेली असते हे त्यांच्याच सूचीतल्या वर्णनात छापलेले होते. त्यात एखादा क्रमांक काढायला दोन मिनिटे पुरतात, आडनाव काढायचे तर सगळी वही वाचावी लागते. म्हणजे सोपे काम मागितले की नियमात बसत नव्हते आणि अवघड काम मागितले की पैसे घेऊन अर्धवट होत होते. दूरध्वनीवर ही गोष्ट मी शक्य तितक्या शांतपणे समजावून सांगितली. पलीकडच्या व्यक्तीने फार सौजन्याने ऐकून घेतले आणि अर्ज भरायला सांगितले. वहीतल्या पानाचे छायाचित्र विकत मिळेल का, असे विचारले, तर नोंद सापडल्यावरच त्या पानाची प्रत देता येते, आणि नोंद सापडण्यासाठी नाव हवे, हे कळले. आपल्याकडे तलाठ्याच्या कचेरीत निदान समोर माणूस असतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. इथे वाद घालायला त्या रकान्याखेरीज कोणी नव्हते.

वाट मोकळी केली ती गावच्या इतिहास मंडळातील एका वयस्क बाईंनी. त्यांचा सल्ला एवढाच होता, की शोध मागूच नये, नक्कल मागावी. शोधाचा विभाग वेगळा आणि नकला काढून देणारा विभाग वेगळा. दुसऱ्या विभागाच्या अर्जावर दस्तऐवजाचा संदर्भ आणि पान विचारतात, माणसाचे नाव कोणी विचारत नाही. मी त्या अर्जावर वहीचा संदर्भ लिहिला आणि पानाच्या जागी ‘अमुक क्रमांक ज्या पानावर आहे ते पान’ असे लिहिले. पुढच्याच आठवड्यात पानाचे स्वच्छ छायाचित्र माझ्या इ-मेलवर होते. मला आनंद झाला हे खरे, पण त्याआधी चांगला राग आला.

नोंद १८७१च्या फेब्रुवारीतली होती: क्रमांक, एका पुरुषाचे नाव, ‘दोन मुली’ आणि एक डझन प्रती. इथे एक सावधगिरी घ्यावी लागते, ती म्हणजे वहीत पैसे देणाऱ्याचे नाव असते, खुर्चीत बसणाऱ्याचे नसते. हे आडनाव आमच्या वंशावळीत कुठेच नव्हते. इंग्लंड आणि वेल्समधील जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या आताच्या सूचीत अगदी सुरुवातीपासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले आहे. ही सूची पाहायला पैसे पडत नाहीत. खापरपणजीच्या जन्माच्या नोंदीपुढे नेमके तेच आडनाव होते. म्हणजे पैसे देणारा तिचा मामा असणार. त्याच सूचीत तिच्या आईचा मृत्यू १८७०च्या शेवटच्या तिमाहीत सापडला. २ एप्रिल १८७१च्या जनगणनेत मामाच्या घरी एकोणीस आणि चौदा वर्षांच्या दोन भाच्या राहत असल्याची नोंद आहे, आणि त्यांतली धाकटी आमची खापरपणजी.

काळा पोशाख दिसला की सुतक, असे मात्र धरू नये. काळे रेशीम हा त्या काळी अनेक स्त्रियांचा ठेवणीतला पोशाखही होता. घागऱ्यावर क्रेप या निस्तेज, सुरकुतलेल्या कापडाचे पट्टे आणि गळ्याशी जेटचा, म्हणजे व्हिटबी गावाजवळ सापडणाऱ्या, प्राचीन लाकडापासून बनलेल्या काळ्या दगडासारख्या जीवाश्माचा, दागिना असे दोन्ही दिसले, तर सुतकाची शक्यता बळावते. इथे दोन्ही होते, आणि तारीखही जुळत होती. थोरली कोणती हे केसांवरून ठरले: वयात आलेल्या मुली केस वर बांधत आणि घागरा पायघोळ घालत, लहान मुलींचे केस मोकळे आणि घागरा आखूड असे. म्हणजे खांद्यावर हात ठेवून उभी असलेली, मोकळ्या केसांची मुलगी ही खापरपणजी. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांतात सुनांची माहेरची नावे नीट दिलेली आहेत, पण इतक्या जुन्या एकाही सुनेचा चेहरा आमच्याकडे नाही. म्हणून या मुलीकडे मी अंमळ जास्तच वेळ पाहिले असेन.

हे सगळे करण्यापूर्वी करायच्या काही गोष्टी आता आठवतात. फोटो बाहेर काढण्याआधी प्रत्येक पान जसेच्या तसे टिपून ठेवावे, कारण समोरासमोरच्या फोटोंचे बहुधा काही नाते असते. फोटो पानाच्या खालच्या फटीतून सरकतात. ओढल्यास जुना कागद फाटतो, म्हणून मऊ कागदाची पट्टी आत घालून हळूहळू सरकवावेत, आणि घट्ट बसलेला असेल तर सोडून द्यावा. पाठीची प्रत काढल्याखेरीज पुढच्या बाजूचा काही उपयोग नाही. स्टुडिओने पत्ता बदलला की पाठीवरचा पत्ताही बदलतो, आणि त्या त्या वर्षीच्या व्यापारी निर्देशिकांवरून, म्हणजे गावोगावच्या व्यावसायिकांच्या नाव-पत्त्यांच्या छापील याद्यांवरून, तो काळ ठरवता येतो. लेस्टर विद्यापीठाने अशा कित्येक निर्देशिका इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. पाठीवर स्टुडिओला मिळालेल्या पदकांची चित्रे असतील, तर सर्वांत अलीकडच्या पदकाचे वर्ष पाहावे, फोटो त्याआधीचा असू शकत नाही. ओळख पटल्यावर नाव फोटोवर बॉलपेनने लिहू नये. वेगळ्या पाकिटावर लिहावे, आणि ते कशावरून ठरवले हेही लिहावे.

त्या डझनातल्या बाकीच्या प्रती कुठेतरी गेल्या असणारच. एकच फोटो नातेवाइकांच्या अनेक अल्बमांत असतो आणि त्यांतल्या एखाद्यात कोणीतरी नावे लिहिलेली असतात. म्हणून उरलेल्या सगळ्या फोटोंच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मी नवऱ्याच्या ऑस्ट्रेलियातील चुलत आत्याकडे पाठवल्या आहेत. त्यांच्याकडेही पितळी कडीचा एक अल्बम आहे म्हणे, फक्त तो माळ्यावर आहे आणि सध्या त्यांचा गुडघा दुखतो आहे.