अर्धंच खरवडायचं

आज सातवीच्या पोरांना घेऊन आयुकाच्या (पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था) मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गेलो होतो. (विद्यापीठ चौकाने अर्धा तास खाल्ला, ते जाऊ दे.)

एक सेल, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, झाली मोटर! माझी काही फिरेना. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, मी दोन्ही टोकांना पूर्ण खरवडलं होतं. शेवटी आमच्याच वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, एक टोक अर्ध्याच बाजूने." म्हणजे अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो, वेटोळं उलट ओढलं न जाता पुढे जातं. वीस वर्षं फळ्यावर मोटर काढतोय मी!

टाकाऊतून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर अशी शेकडो खेळणी फुकट आहेत.

आता २८ फेब्रुवारीला खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण बघायची, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी. बसच्या पैशांचं मुख्याध्यापकांना अजून सांगायचंय.